सिरीजमधले रेझिस्टर: व्होल्ट कुठे जातात ते कसे शोधावे

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या वावरात रानडुकरं येतात आणि जागलीला जावंच लागतं. मागच्या हंगामात मी बॅटरी खोपडीत ठेवली, तिथून मचाणापर्यंत १०० मीटर बारीक वायर ओढली आणि ट्रॅक्टरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावला. जागलीवरचा गडी पहिल्याच रात्री म्हणाला, "भाऊ, हा लाईट आहे का उदबत्ती?" बॅटरी भरलेली, बल्ब चांगला. वायरच्या टोकाला, बल्ब काढून, मीटर लावलं तर पूर्ण १२ व्होल्ट! मग व्होल्ट जात कुठे होते?

हे समजायला सिरीज जोडणी हाताने करून पाहिलेली बरी. शाळेच्या पुस्तकात तिलाच 'एकसर जोडणी' म्हणतात. सामान थोडंच लागतं: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, डिजिटल मल्टिमीटर आणि पाव वॅटचे तीन रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे छोटे भाग. ही अडवणूक म्हणजे रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. १०० ओहमवर तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे असतात, २२० वर लाल-लाल-तपकिरी, ६८० वर निळा-करडा-तपकिरी. शेवटचा सोनेरी पट्टा म्हणजे किंमत ५ टक्के इकडेतिकडे असू शकते. घरातल्या २३० व्होल्टवर हा प्रयोग अजिबात करू नका.

आधी तिन्ही रेझिस्टर एकापुढे एक जोडा, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला, बैलगाड्यांच्या रांगेसारखे. बॅटरी न लावता मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं मोजा. १००, २२० आणि ६८० मिळून १००० च्या आसपास आकडा येईल. सिरीजमध्ये रोधांची नुसती बेरीज होते.

आता बॅटरी लावा. ओहमच्या नियमाने करंट म्हणजे व्होल्ट भागिले रोध: ९ भागिले १०००, म्हणजे ०.००९ अँपिअर, अर्थात ९ मिलिअँपिअर. तो मोजायचा तर सर्किट एका जागी तोडून मीटर मधे घालावं लागतं. मीटर करंटवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन टोकांना मात्र लावू नका. माझ्या मीटरचा फ्यूज असाच गेला आहे.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिल्या रेझिस्टरने थोडा करंट 'खाल्ला', मग पुढच्याला कमी मिळाला, असं वाटतं. तसं नसतं. मीटर पहिल्या रेझिस्टरच्या आधी घाला, दोघांच्या मधे घाला की शेवटी घाला, आकडा ९ च राहतो. पाईपलाईनचं उदाहरण चालतं, पण ठिबकचं नको, कारण ठिबकमध्ये पाणी वाटेतच बाहेर पडतं. बिनगळतीच्या पाईपात जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं. वाटेत कमी होतो तो दाब, आणि आपल्या सर्किटमधला दाब म्हणजे व्होल्टेज.

म्हणून आता मीटर व्होल्टवर घ्या आणि एकेका रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १०० ओहमवर सुमारे ०.९, २२० वर १.९८, ६८० वर ६.१२ व्होल्ट दिसतील. बेरीज ९. ज्याचा रोध मोठा, त्याचा वाटा मोठा. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर सगळे आकडे त्याच प्रमाणात कमी येतील.

आता मधल्या रेझिस्टरचं एक टोक सोडवा. करंट शून्य. १०० आणि ६८० वर व्होल्टही शून्य, पण तुटलेल्या जागेच्या दोन टोकांना मीटर लावलं की जवळपास पूर्ण ९ व्होल्ट दिसतात. सणातल्या जुन्या बल्बमाळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची, ते यामुळेच.

आता मचाणाकडे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.०१८ ओहम. करंट जाऊन परत येतो, म्हणून लांबी २०० मीटर धरायची: ३.६ ओहम. बल्बचा रोध व्होल्ट गुणिले व्होल्ट भागिले वॅट, म्हणजे १२ × १२ ÷ २१ = ६.९. दोन्ही सिरीजमध्ये, बेरीज १०.५ ओहम. करंट सव्वा अँपिअरच्या आतच, आणि वायर एकटी चार व्होल्ट खाते. बल्बला उरतात आठ. बल्बच्या आतली तार कमी तापली की तिचा रोधही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आठहूनही कमी.

बल्ब काढल्यावर मीटर १२ का दाखवत होतं तेही आता कळेल. करंटच नाही, तर वायरवर व्होल्ट पडणार कुठून? म्हणून अशी तपासणी नेहमी बल्ब जळत असतानाच करायची, एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा बल्बच्या. दोन्हीतला फरक म्हणजे वायरचा आणि सैल जोडांचा हिस्सा. गंजलेला, नुसता पिळून टेप मारलेला जोड हाही सिरीजमधला एक रेझिस्टरच.

२.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती तर तिचा रोध दीड ओहमवर आला असता आणि बल्बला दहाच्या जवळ व्होल्ट मिळाले असते, पण एवढं तांबं महाग पडतं. १२ व्होल्टचा ५ वॅटचा एलईडी लावला तर जुन्या वायरवरही दीडेक व्होल्टच जातात. मी तेवढंही केलं नाही. बॅटरी उचलून मचाणाखाली नेऊन ठेवली आणि १०० मीटर वायर गुंडाळून घरी आणली.