फिरतच नसलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा: आधी बोर्ड तपासा

पॉवर दिली तरी आवाज नाही, हाताला थरथर लागत नाही, किंवा डिस्क जोडली की एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) चालूच होत नाही. अशा वेळी डेटा साठवणाऱ्या तबकड्या आणि तो वाचणारे हेड बऱ्याचदा शाबूत असतात, जळलेला असतो खालचा सर्किट बोर्ड. १२ व्होल्टच्या एक्स्टर्नल डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागला की हमखास असं होतं. टकटक आवाज येत असेल तर मात्र बिघाड बहुधा हेडचा आहे. लगेच पॉवर काढा, पुढचं काही करू नका. फ्रीजरचा उपाय तर कधीच नको, आत दव धरतं.

बोर्डाचे स्क्रू बहुतेक टी-६ किंवा टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) असतात. बोर्ड काढल्याने तबकड्यांची बंद पेटी उघडत नाही, त्यामुळे धुळीची भीती नाही.

पॉवर कनेक्टरजवळ टीव्हीएस डायोड शोधा: दोन पायांचे, बहुधा काळे, इतरांहून जाड. साडेतीन इंची डिस्कवर एक ५ व्होल्टच्या लाइनवर, एक १२च्या. जादा व्होल्टेज आलं की हा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या चिप वाचवतो. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना प्रोब लावा, मग प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा जवळपास ० आलं तर तो गेला.

सोल्डरिंग आयर्नने दोन्ही टोकं आळीपाळीने गरम करून डायोड उचला. ओढू नका, पॅड (डायोडखालचा धातूचा ठिपका) उखडतं. आता रिकाम्या पॅडवर पुन्हा मोजा. अजूनही ० येत असेल तर शॉर्ट दुसरीकडे, बहुधा मोटरच्या चिपमध्ये आहे. पॉवर देऊ नका. मग त्याच नंबरचा दुसरा बोर्ड शोधावा लागतो. नुसता बदलून भागत नाही: त्या डिस्कची खास कॅलिब्रेशनची माहिती बहुतेकदा जुन्या बोर्डावरच्या ८ पायांच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप नव्या बोर्डावर बसवावी लागते.

रिकाम्या पॅडवर ० येत नसेल तर शॉर्ट गेला; मग डायोडशिवायही डिस्क चालते, पण आता तिला संरक्षण नाही. कॉम्प्युटरच्या खात्रीच्या एसएमपीएसवर, थेट साटा केबलने जोडा आणि लिनक्समधल्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मोठ्या डिस्कवर घ्या. मॅप फाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) ठेवलीत तर मध्येच थांबलं तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मूळ डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर लिहितं; फाइल्स शोधायच्या त्या इमेजमध्येच.