जनसुनावणीला जाताय किंवा ती भरवताय? या चुका टाळा

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला भरते ती जनसुनावणी. नाशिकच्या निफाड-दिंडोरीत द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी ऐन भरात असताना सकाळी अकराची सुनावणी ठेवली, तर बागाईतदार येणार कसा? रिकाम्या खुर्च्यांमुळे सुनावणी रद्दही होत नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत किमान ३० दिवस आधी सूचना द्यायचं बंधन आहे, गणपूर्तीची, म्हणजे किमान इतके लोक हजर हवेत अशी अट मात्र नाही. भरवणाऱ्यांनी तारीख हंगाम बघून ठरवावी. जमणार नसेल त्यानं लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी आणि पोच घ्यावी.

प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा सारांश मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक तज्ज्ञांची: लोक विरोध करतात म्हणजे त्यांना विज्ञान कळत नाही, असं धरून चालणं. लासलगावचं कांदा विकिरण केंद्र बघा; तिथे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर गॅमा किरण सोडतात. गॅमा किरणांनी कांदा किरणोत्सारी होत नाही, हे सांगायलाच हवं. ती भीती लोकांना खरोखरच वाटत असते. पण तेवढं सांगून थांबलात तर शेतकऱ्याचा खरा प्रश्न तसाच राहतो. विकिरणानं कोंब फुटणं थांबतं, ओल लागून होणारी सड थांबत नाही. मग कांदाचाळीत आधीच ओला गेलेला माल वाचेल का? वाहतुकीचा खर्च कोण देणार? भाव पडला तर हा जादा खर्च कोणाच्या अंगावर? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. तंत्रज्ञान गावात टिकेल की नाही, ते यांवरच ठरतं. माझं तर ठाम मत आहे की हे प्रश्न प्रकल्पाचा मसुदा लिहितानाच विचारले पाहिजेत.

‘सगळं आधीच ठरलंय’ म्हणून घरी बसणं ही आपली चूक. बीटी वांग्याला, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याला, २००९ मध्ये अशा वाणांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीची मान्यता मिळाली होती. तरी २०१० च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जाहीर चर्चा झाल्या आणि ९ फेब्रुवारीला ते वांगं स्थगित झालं, कारणांसकट.

बोलताना ‘प्रकल्प नको’ एवढ्यावर थांबू नका. विहिरीचं पाणी कोण तपासणार, किती महिन्यांनी, निकाल ग्रामपंचायतीत लागणार का, असं नेमकं विचारा. आणि सुनावणी संपली म्हणून लगेच उठू नका. कामकाजाचा गोषवारा तिथेच, मराठीतून वाचून दाखवायचा नियम आहे. आपला मुद्दा त्यात आला नसेल, तर सही होण्याआधी हात वर करा.