सोमवार, बुधवार, शुक्रवारची गोळी

अप्पांना तरुणपणी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण काही श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन बसल्या. डॉक्टर याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. आमच्या घरी त्याचा अर्थ पहाटेचा खोकला, वाटीभर बेडका आणि वर्षातून तीन-चारदा दवाखाना.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० ही अँटिबायोटिक गोळी लिहून दिली. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. अप्पांनी तीन गोळ्या घेतल्या आणि थांबले. "तीनच दिवसांचा कोर्स असतो गं, मागे घशाला घेतला होता." चूक त्यांची नव्हती. इथे ही गोळी वेगळं काम करते, हे आम्हाला कुणी उलगडून सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरी अशीच चिठ्ठी आली असेल, तर आधी ते काम समजून घ्या.

छातीत जंतू आले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. पण त्या जास्त झाल्या की त्यांच्यातले पाचक रस श्वासनळीची भिंतच खातात. मग कफ साचतो, जंतू वाढतात, आणखी पेशी येतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन या पेशींना बोलावणारे निरोप कमी करते आणि कफही कमी तयार होतो. जपानमध्ये डॉक्टर शोजी कुदो यांनी १९८० च्या दशकात याच कुळातली एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत, दीर्घकाळ दिली. आजार होता डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनळ्यांची दीर्घकाळची सूज. रुग्णांच्या छातीतल्या स्यूडोमोनास नावाच्या जंतूंना ती मारू शकत नव्हती, तरी माणसं सुधारली. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १९७० च्या दशकात ६३ टक्के होतं, १९८५ नंतर ते ९१ टक्क्यांवर गेलं. हे वाचलं तेव्हा मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं.

सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढाच, कारण ही गोळी काहींच्या हृदयाची लय बिघडवते. पित्तासाठी सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांत डॉम्पेरिडोन असते, तीही तेच करू शकते. म्हणून घरातली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. बेडका तपासून घ्या. टीबीचे भाऊबंद म्हणावेत असे काही जंतू असतात, त्यांच्यावर हीच गोळी मुख्य औषध असते. ते छातीत असताना ती एकटीच चालू ठेवली, तर पुढे ते तिला दाद देत नाहीत. कानाचीही तपासणी करा, कारण या गोळीने काहींना ऐकू कमी येतं.

गोळी शरीरात बरेच दिवस टिकते, म्हणून रोज लागत नाही. मी कॅलेंडरवर सोमवार, बुधवार, शुक्रवारभोवती लाल गोल करते आणि गोळी घेतली की अप्पा स्वतः फुली मारतात. जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, चालतं. अप्पांचं पोट ढवळतं, म्हणून आम्ही जेवणानंतर देतो. पित्तावरचं पांढरं पातळ औषध मात्र दोन तास लांब ठेवा.

आठवड्यात फरक शोधू नका. आम्हाला तिसऱ्या महिन्यात जाणवला: अप्पा पहाटे उठून खोकायचे, ते सहापर्यंत झोपू लागले. वाफारा आणि कफ सुटण्याचे श्वासाचे व्यायाम रोज चालूच ठेवा. गोळी त्यांची जागा घेत नाही. सर्दी-पडशाला यातली एकही गोळी कुणाला काढून देऊ नका. शेजारच्या काकूंना मी नाही म्हटलं, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

कानात गुणगुण, ऐकू कमी येणं, छातीत धडधड किंवा चक्कर आली, तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. ताप आला आणि बेडका हिरवा-घट्ट झाला, तर गोळ्या वाढवू नका. तेव्हा जंतू मारणारं वेगळं औषध लागतं आणि ते कोणतं, हे बेडक्याच्या तपासणीवरून ठरतं. त्यासाठी लॅबमधली एक निर्जंतुक डबी मी औषधांच्या डब्यातच ठेवते. नवीन औषधाचा पहिला डोस देण्याआधी नमुना घेते आणि तासाभरात पोचवते.