ओट्यासाठी ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? आधी तुकडा घरी आणा

ओट्याचं माप, सिंकची आणि शेगडीची जागा ठरली आहे, असं धरून चालतो. दुकानात गेलात की दोन सल्ले हमखास मिळतील. एक, "नैसर्गिक दगडाला तोड नाही." दुसरा, "आता सगळे क्वार्ट्झच टाकतात." दोन्ही तिथेच सोडून द्या. तुमच्या ओट्यावर रोज काय सांडतं आणि काय गरम उतरतं, त्यावर दगड ठरवायचा.

संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी लागलं की त्यांचं पॉलिश जातं. म्हणून संगमरवर देवघरात लावा, ओट्यावर नको. कडप्पा ओट्याखालच्या कप्प्यांना उत्तम. नॅनो व्हाइट हा कारखान्यात बनवलेला पांढराशुभ्र दगड दिसतो देखणा, पण काचेसारखा ठिसूळ असतो. कडेचा टवका उडाला की दुरुस्ती लपत नाही. म्हणजे खरी निवड उरते ती ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ यांच्यात. ओट्याचा क्वार्ट्झ कारखान्यात होतो: वजनाने साधारण ९० टक्के क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा, बाकी रेझिन (चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि रंग.

आता मुख्य काम. जी लादी घेणार, तिच्याच कडेचा वीतभर तुकडा मागा. दुकानातला चकचकीत नमुना घेऊ नका. तो भलत्याच मालाचा असू शकतो. तुकडा द्यायला कुणी कां-कू करत असेल, तर दुसरं दुकान गाठा. या चाचण्या नीट बसायला मला बराच काळ लागला, कारण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तेल आधी लावलं तर पुढचं काहीच खरं दिसत नाही.

तुकडा धुऊन पूर्ण वाळवा. पॉलिशच्या बाजूवर थोडं पाणी टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर दगड पाणी पितो; तो घेतलात तर सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) लावत राहावं लागेल. मग पांढऱ्या फडक्यावर एसीटोन घेऊन काळ्या ग्रॅनाइटवर जोरात घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. करड्या दगडाला रंग आणि तेल पाजून 'जेट ब्लॅक' म्हणून विकतात, आणि दोन-तीन वर्षांत शेगडीभोवती तो राखाडी पडतो. अस्सल काळा दगड रंग सोडत नाही. ही चाचणी कधीही वगळू नका.

त्यानंतर लिंबाची फोड वीस मिनिटं उपडी ठेवा. धुतल्यावर उजेडात तिरकं धरून बघा. तिथली चकाकी गेली असेल, तर 'ग्रॅनाइट' नावाने तुम्हाला दुसराच दगड दाखवला आहे. शेवटी तेलात कालवलेली हळद रात्रभर. सकाळी भांड्यांच्या साबणाने धुवा. ग्रॅनाइटवर पिवळा डाग राहिला तर तुकडा उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते. तेलाचा डाग मात्र उडत नाही, आणि बघायचा तोच. क्वार्ट्झला हा उन्हाचा उपाय करू नका, त्यातलं रेझिन उन्हाने पिवळं पडतं. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या ओट्यावर पांढरा क्वार्ट्झ नकोच.

क्वार्ट्झची खरी परीक्षा तव्याची. तुकडा घराबाहेर ठेवा, मुलांना लांब करा आणि तापलेला रिकामा तवा त्यावर टेका. रेझिन साधारण १५० अंशांपर्यंत तग धरतं, भाकरीचा तवा त्याच्या बराच वर असतो. डाग किंवा तडा पाहिलात की "हीटप्रूफ आहे" या शब्दाची किंमत कळेल.

माझं मत स्पष्ट आहे. कुकर, कढई थेट ओट्यावर उतरत असेल तर गडद ग्रॅनाइट घ्या. क्वार्ट्झ बेसिनच्या कट्ट्याला, जेवणाच्या काउंटरला लावा.

ग्रॅनाइटची लादी ओली करून बघा. भेग असेल तर ती रेघ शेवटी वाळते. मागे जाळी चिकटवलेली असेल तर का लावली ते विचारा. पसंत लादीवर खडूने सही करा, फोटो काढा. क्वार्ट्झच्या सगळ्या लाद्या एकाच बॅचच्या हव्यात.

सांधा सिंकवर येऊ देऊ नका. सिंकच्या कटाचे कोपरे गोल ठेवायला सांगा, काटकोनातून तडा सुरू होतो. पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी खाच हवीच.

आणि घरात कोरडं कटिंग अजिबात नको. क्वार्ट्झच्या धुळीत सिलिकाचं प्रमाण फार मोठं असतं. हा दगड कापणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ लागला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच. सगळे कट कारखान्यात पाण्याखाली करून घ्या. दर थोडा जास्त पडला तरी मास्क लावून, ओलं कापणाराच कारागीर धरा.