रुथेनियम-बायपिरिडीन संकुलाचे उत्सर्जन कसे मोजावे

संक्रमण धातूंची बहुतेक संकुले (धातूच्या अणूभोवती इतर रेणू वा आयन जोडले जाऊन बनलेली संयुगे) रंगीत असतात, कारण ती दृश्य प्रकाश शोषतात. परंतु शोषलेली ऊर्जा पुन्हा प्रकाशरूपाने बाहेर टाकणारी संकुले त्या मानाने थोडी आहेत. नायट्रोजनद्वारे धातूला बांधल्या जाणाऱ्या लिगंडांच्या, म्हणजे जोडलेल्या रेणूंच्या, संकुलांपैकी या अभ्यासाची सुरुवात ट्रिस-बायपिरिडीन रुथेनियम(२), म्हणजे एका रुथेनियमभोवती तीन बायपिरिडीन रेणू असलेल्या, आयनापासून करावी, असे माझे मत आहे. त्याचे उत्सर्जन १९५९ मध्ये पॅरिस आणि ब्रँट यांनी प्रथम नोंदवले. तेव्हापासून त्याचा इतका अभ्यास झाला आहे की आपले मापन बरोबर आले की नाही, हे लगेच पडताळून पाहता येते.

क्लोराइड क्षाराचे सहा पाणी-रेणू असलेले स्फटिक सहज विकत मिळतात. त्यांचा रेणुभार ७४८.६ आहे, म्हणजे ७.५ मिलिग्रॅम क्षार १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवल्यास १०० मायक्रोमोलरचे मूळ द्रावण मिळते. यातील ३ मिलिलिटर द्रावण ५० मिलिलिटरपर्यंत विरल करावे. ४५२ नॅनोमीटरला मोलर शोषणांक (एक मोलर द्रावणाचे एक सेंटिमीटर जाडीतील शोषण) सुमारे १४,६०० असल्यामुळे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये या द्रावणाचे शोषण ०.०९ च्या आसपास आले पाहिजे. शोषण ०.१ च्या वर जाऊ देऊ नये, कारण दाट द्रावणात आपाती प्रकाश क्युव्हेटच्या पुढच्या भागातच संपतो आणि डिटेक्टर ज्या मध्यभागाकडे पाहत असतो तेथे तो पुरेसा पोहोचत नाही. द्रावण जास्त गडद केले की प्रकाश जास्त मिळेल, ही समजूत म्हणूनच येथे दिशाभूल करते.

फ्लुओरिमीटरमध्ये, म्हणजे उत्सर्जित प्रकाश मोजणाऱ्या उपकरणात, उद्दीपन (द्रावणावर टाकलेला प्रकाश) ४५० नॅनोमीटरला ठेवून ५०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत वर्णपट घ्यावा. सुमारे ६२० नॅनोमीटरला एक रुंद, नारिंगी-लाल पट्टा दिसेल. त्याशिवाय ५३१ नॅनोमीटरच्या आसपास एक बारीक शिखर दिसले, तर ते पाण्याचे रामन विकिरण आहे, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी काही ऊर्जा घेऊन विखुरलेला उद्दीपनाचाच प्रकाश. खात्री करायची असल्यास उद्दीपन ४४० नॅनोमीटरला न्यावे. रामन शिखर ५१७ कडे सरकेल आणि संकुलाचा पट्टा जागच्या जागी राहील. फोटोमल्टिप्लायर या डिटेक्टरची संवेदनक्षमता लाल भागात उतरत जाते, त्यामुळे उपकरणाची वर्णपट-दुरुस्ती लावल्याशिवाय शिखराची तरंगलांबी लिहू नये. दुरुस्ती न केलेले शिखर निळ्या बाजूला सरकलेले दिसते.

सर्वात जास्त काळजी घ्यायची ती ऑक्सिजनची. प्रकाश शोषल्यावर धातूवरील इलेक्ट्रॉन बायपिरिडीनवर जातो आणि क्षणार्धात ट्रिपलेट अवस्था (दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी समांतर असलेली उद्दीपित अवस्था) तयार होते. ही अवस्था ऑक्सिजनविरहित पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, सुमारे ६०० नॅनोसेकंद टिकते. एवढ्या अवधीत विरघळलेला ऑक्सिजन तिला गाठतो आणि ऊर्जा काढून घेतो. हवेच्या संपर्कातील पाण्यात क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी उत्सर्जित होणाऱ्यांचे प्रमाण) ०.०४० आहे, तर ऑक्सिजन काढल्यावर ते ०.०६३ होते. अॅसिटोनाइट्राइल या सेंद्रिय द्रावकात ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, म्हणून तेथे हाच फरक ०.०१८ ते ०.०९५ इतका मोठा आहे. अंधाऱ्या खोलीत निळ्या एलईडीसमोर क्युव्हेट धरून बारीक सुईने आर्गॉन सोडला, तर अॅसिटोनाइट्राइलमधील द्रावण उजळत जाताना डोळ्यांनीच दिसते. मात्र निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावल्याशिवाय हे करू नये. वायू पंधरा-वीस मिनिटे सोडावा लागतो आणि तेवढ्यात द्रावकही उडतो, म्हणून तो वायू आधी त्याच द्रावकाच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने नेऊन संपृक्त करावा. अॅसिटोनाइट्राइलमध्ये क्लोराइडऐवजी हेक्साफ्लुओरोफॉस्फेट क्षार वापरणे योग्य. तापमानही स्थिर ठेवावे, कारण ते वाढले की रेणूला वरच्या धातुकेंद्री अवस्थेची (जिच्यात इलेक्ट्रॉन धातूच्याच डी-कक्षकांत राहतो) वाट मोकळी होते आणि उत्सर्जन घटते.

नव्या संकुलाचे क्वांटम यील्ड काढताना या द्रावणाला प्रमाण मानावे. नव्या संकुलाच्या आणि प्रमाणाच्या उत्सर्जन-पट्ट्यांखालील क्षेत्रफळांचे गुणोत्तर घ्यावे, त्याला शोषणांच्या उलट गुणोत्तराने आणि अपवर्तनांकांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे, मग प्रमाणाच्या यील्डने गुणावे. पाणी आणि अॅसिटोनाइट्राइल यांच्यात अपवर्तनांकाची दुरुस्ती दोन टक्क्यांहूनही कमी आहे. टोल्युइनमध्ये मात्र ती सुमारे २६ टक्के होते. जुन्या शोधनिबंधांत ऑक्सिजनविरहित पाण्यासाठी ०.०४२ हे प्रमाणमूल्य वापरलेले आढळते आणि २००९ नंतरच्या लेखनात ०.०६३, त्यामुळे आपण कोणते मूल्य धरले आणि द्रावणात ऑक्सिजन होता की नव्हता, हे आकड्याच्या शेजारीच लिहावे. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही.

उत्सर्जन ६२० नॅनोमीटरला स्थिर धरून आणि उद्दीपनाची तरंगलांबी बदलत नेऊन उद्दीपन-वर्णपट घेणे ही शेवटची तपासणी आहे, आणि ती कधीही टाळू नये. तो शोषण-वर्णपटाशी जुळला, तरच प्रकाश संकुलाचाच आहे असे म्हणता येते. जुळला नाही, तर एखादी तेजस्वी अशुद्धी चमकत असते. तुलनेसाठी लोहाचे ट्रिस-बायपिरिडीन संकुल त्याच पद्धतीने मोजावे. ५२२ नॅनोमीटरला भरपूर शोषण करणारे हे गडद लाल द्रावण खोलीच्या तापमानाला चमकत नाही, कारण लोहात डी-कक्षकांमधील ऊर्जा-अंतर कमी असल्याने धातुकेंद्री अवस्था खाली येतात आणि इलेक्ट्रॉन-स्थलांतराची अवस्था पिकोसेकंदाहूनही कमी काळात त्यांच्यात विरून जाते.