‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची अखेरची प्रकरणे वर्गात घेताना

इंग्रजी साहित्य शिकवायला नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना नेमलेल्या कादंबरीचा पूर्वार्ध रेंगाळत शिकवण्याची आणि शेवट सत्राच्या उरलेल्या एक-दोन तासांत गुंडाळण्याची सवय फार लवकर जडते. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या बाबतीत यामुळे मोठे नुकसान होते, कारण ५९ प्रकरणांच्या या कादंबरीत तिचा नायक पिप खऱ्या अर्थाने बदलतो तो ५४व्या प्रकरणापासून पुढे.

दुसरा मोह आहे तो दोन शेवटांचा. डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. मूळ शेवटात पिपचे जिच्यावर प्रेम आहे ती, आता पुनर्विवाह झालेली एस्टेला पिपला पिकॅडिलीत ओझरती भेटते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटन यांच्या आग्रहावरून डिकन्सने तो बदलला आणि दोघांची भेट एस्टेला जिथे वाढली त्या सॅटिस हाउसच्या उजाड आवारात घडवली. मूळ शेवट वाचकांसमोर आला तो फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्राच्या तिसऱ्या खंडात, १८७४ मध्ये. ही हकिगत विद्यार्थ्यांना फार आवडते, पण ती आधी सांगितली की वर्गाचे लगेच दोन तट पडतात, ‘कोणता शेवट चांगला’ यावर हिरिरीने मते मांडली जातात आणि पिपला गुप्तपणे पैसा पुरवणारा हद्दपार कैदी मॅग्विच, त्याच्या मृत्यूकडे पुन्हा कोणी वळत नाही. म्हणून ती अखेरच्या तासापर्यंत राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याऐवजी ३९वे आणि ५४वे प्रकरण शेजारीशेजारी उघडायला लावावे. ३९व्या प्रकरणात मॅग्विच पिपचे हात हाती घेतो तेव्हा पिपच्या अंगावर शहारा येतो. ५४व्या प्रकरणात, टेम्स नदीवरून पळून जाण्याचा बेत फसल्यावर, त्याच जखमी आणि बेड्या घातलेल्या माणसाच्या हातात आपला हात देऊन पिप त्याच्या शेजारी बसतो. हा जिवंत असेपर्यंत आपली जागा इथेच, असे त्याला वाटते. पुढे ५६व्या प्रकरणात भरल्या न्यायालयात, ३२ जणांना एकत्र फाशीची शिक्षा ऐकवली जाते त्या दिवशीही, पिपने त्याचा हात धरलेला आहे. हे तीन उतारे मोठ्याने वाचून घेतले आणि ‘हाताकडे लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले, तरी एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यावी लागते. जन्मभरासाठी हद्दपार झालेल्याने परत येणे हा देहदंडाचा गुन्हा होता आणि दोषी ठरलेल्याची मालमत्ता सरकारजमा होत असे. आपल्या विद्यार्थ्यांना काळे पाणी ठाऊक असते, त्यामुळे मॅग्विचला जिथे हद्दपार केले होते ते ऑस्ट्रेलियातले न्यू साउथ वेल्स समजावताना अडचण येत नाही. संपत्ती गेल्याचे पिप मॅग्विचला कळू देत नाही; मात्र तुमची मुलगी (म्हणजे एस्टेला) जिवंत आहे, सुंदर आहे आणि माझे तिच्यावर प्रेम आहे, हे तो त्याला शेवटच्या घटकेला सांगतो. एक गोष्ट दडवली आणि दुसरी सांगितली, यात पिपचे चुकले का, हा प्रश्न मी नेहमी विचारते. त्यावर होणारी चर्चा कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही, आणि तिला वेळ अपुरा पडला तर पिपचा मित्र, वकिलाचा कारकून वेमिक याच्या लग्नाचे प्रकरण घरी वाचायला सांगितले तरी चालते.

५७व्या प्रकरणात मात्र घाई करू नये. १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सच्या उधारीसाठी पिपला अटक करायला आलेले लोक, त्याचा ताप, त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या लोहार मेहुण्याने, जोने, केलेली शुश्रूषा, आणि पिप बरा होऊ लागताच पुन्हा अवघडून दूर होणारा जो: हे सारे विद्यार्थ्यांना मनापासून भिडते. शहरात शिकायला आलेल्या मुलांना तर यात आपल्या घरची माणसे दिसतात. मागे पावती ठेवून जो पहाटे निघून जातो. ती उधारी त्यानेच फेडलेली असते.

एवढे झाल्यावर दोन्ही शेवट छापून हाती द्यावेत. मूळ शेवटात एस्टेला गाडीत बसल्याबसल्या पिपला हस्तांदोलनासाठी बोलावते. बदललेल्या शेवटात पिप तिचा हात हाती घेऊन त्या भग्न जागेतून बाहेर पडतो. आधीच्या प्रकरणांतल्या हातांशी यांपैकी कोणता अधिक जुळतो, हे पानांचे दाखले देऊन लिहायला सांगावे. निव्वळ आवडीनिवडीवर लिहिलेला निबंध परत करावा.