कॅटलिस्टला दोष देण्याआधी: पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम संपला की लोणेरे, माटुंगा, पुणे, जळगाव अशा ठिकाणच्या मुलामुलींचे निरोप येऊ लागतात. "ताई, टेक्निकल सर्व्हिसेसला घेतलंय. कॅटलिस्टवर काम करायला मिळेल ना?"

मिळेल. (कॅटलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ.) फक्त तुमच्या डोक्यात जे काम आहे, म्हणजे नवा धातू, धातू ज्यावर बसवतात तो नवा आधार, नवा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज), ते बहुतेक वेळा प्लांटमध्ये होत नाही. ते होतं लायसेन्सरच्या (प्रक्रियेचं तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीच्या) आणि कॅटलिस्ट कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, किंवा पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संस्थेत. एनसीएलमध्ये तयार झालेला झिओलाइट कॅटलिस्ट १९८०च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत झायलीन आयसोमरायझेशनसाठी (एका प्रकारच्या झायलीनचं दुसऱ्यात रूपांतर) चालला, हे आपल्याकडच्या प्रत्येक केमिकल इंजिनिअरला ठाऊक असायला हवं. त्या वाटेला जायचं असेल तर पीएचडी करा, चांगलीच वाट आहे. प्लांटमधल्या इंजिनिअरच्या वाट्याला येतो तो रिअॅक्टरमध्ये आधीच भरलेला, करार करून विकत घेतलेला, पुढची काही वर्षं बाहेर न काढता येणारा कॅटलिस्ट. त्याच्याकडून जास्तीत जास्त काम काढायचं, ही आपली नोकरी.

मी गुजरातेतल्या एका क्रॅकर संकुलात, म्हणजे भट्टीत मोठे रेणू तोडून इथिलीन बनवतात तिथं, बरीच वर्षं काढली. तिथं माझं एक मत पक्कं झालं: 'कॅटलिस्ट खराब झालाय' असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की निम्म्याहून अधिक वेळा दुखणं दुसरीकडेच असतं. एकतर कॅटलिस्टकडे येणाऱ्या मालात, नाहीतर आपल्या आकड्यांत.

आधी आकड्यांचं बोलू, कारण तेच सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नवीन माणसाला तेच दिलं जातं. मटेरिअल बॅलन्स. आत किती गेलं, बाहेर किती आलं. कॉलेजात तो नेहमी जुळतो, प्लांटमध्ये पहिल्या फटक्यात कधीच जुळत नाही. ऑरिफिस मीटर (प्रवाह मोजणारं साधन) डिझाइनच्या घनतेवर बेतलेला असतो. गॅसची घनता दहा टक्क्यांनी बदलली आणि दुरुस्तीचा गुणक लावला नाही, तर वस्तुमानाच्या प्रवाहात साधारण पाच टक्क्यांची चूक येते, कारण नातं वर्गमुळाचं आहे. अशा मीटरच्या जोरावर अर्ध्या टक्क्याच्या सिलेक्टिव्हिटीवर (रूपांतरित मालातला किती भाग हव्या त्या पदार्थात गेला, त्यावर) तास-तास वाद घालणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत. तुम्ही त्यात पडू नका. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांशी दोस्ती करा, अॅनालायझर शेवटचा कधी कॅलिब्रेट झाला ते विचारा, आणि शक्य असेल तिथं प्रवाहाऐवजी गॅसच्या पृथक्करणावरून कार्बनचा हिशेब मांडून पाहा. दोन्ही उत्तरं जवळ आली की मगच तोंड उघडा.

आता मालाचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला खरं शिकवलं ते अॅसिटिलीन कन्व्हर्टरनं.

क्रॅकरच्या भट्टीतून इथिलीनबरोबर थोडं अॅसिटिलीनही येतं. पॉलिमरच्या प्लांटला ते अगदी एक-दोन पीपीएमच्या (दहा लाखांत एक-दोन भागांच्या) वर चालत नाही, त्यांचा कॅटलिस्ट बिघडतो. म्हणून पॅलेडियमच्या कॅटलिस्टवर त्यात हायड्रोजन घालून त्याचं इथिलीन करतात. पण तिथंच थांबायचं असतं. अभिक्रिया पुढे सरकली तर इथिलीनचं इथेन होतं: विकायचा माल गेला, वर उष्णता मिळाली. फ्रंट-एंड पद्धतीच्या, म्हणजे हायड्रोजन वेगळा काढण्याआधीच बसवलेल्या, कन्व्हर्टरमध्ये तर क्रॅक्ड गॅसमधला सगळा हायड्रोजन तिथंच हजर असतो, त्यामुळे हायड्रोजन कमी-जास्त करण्याची सोयच नाही. तिथं लगाम असतो कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओचा.

सीओचं काम विरार लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्या मंडळींसारखं आहे. पॅलेडियमच्या पृष्ठभागावर ते जागा अडवून बसतं. इथिलीनला आत शिरता येत नाही, अॅसिटिलीन जास्त रेटा लावून शिरतं. दारातली गर्दी फार वाढली तर अॅसिटिलीनही फलाटावरच राहतं, म्हणजे कन्व्हर्टरमधून तसंच पुढे निसटतं. आणि गर्दी अचानक पांगली तर इथिलीन घुसतं आणि तापमान भडकतं.

आमच्याकडे अॅसिटिलीन अधूनमधून निसटायचं. कॅटलिस्ट म्हातारा झाला, बदलायला हवा, असा एकूण सूर होता. बदलण्याचा खर्च मोठा, त्यामुळे फाइल फिरत होती. नियंत्रण कक्षातल्या पॅनलवर एक काका होते, मूळचे खानदेशातले, अंकलेश्वरला स्थायिक झालेले. मी ट्रेंड उघडून बसले होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, म्हातारा माणूस रोज कुरकुरतो. हा रोज नाही कुरकुरत. भट्टी फिरवली की कुरकुरतो." मग मी लॉगबुकातून भट्ट्या डिकोक होऊन (नळ्यांत साचलेला कार्बन जाळून काढून) पुन्हा लाइनवर आल्याच्या नोंदी काढल्या आणि अॅसिटिलीनच्या ट्रेंडवर ठेवल्या. काकांचं बरोबर होतं.

कारण रसायनशास्त्राचंच आहे. भट्टीच्या नळ्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या. डिकोकिंगनंतर नळी आतून उघडी असते, आणि उघडं निकेल वाफेकडून कार्बनचं सीओ करवून घेतं. म्हणून भट्टीत डीएमडीएस हे गंधकाचं संयुग सोडतात. गंधक नळीच्या पृष्ठभागावर बसतं आणि निकेल गप्प होतं. ते उशिरा किंवा कमी सुटलं तर सीओ उसळतं. पुढचा कॉस्टिक टॉवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढतो, सीओ मात्र त्यातून सरळ निघून कन्व्हर्टरपर्यंत पोहोचतं.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. सीओ वाढलं, अॅसिटिलीन निसटलं, म्हणून पॅनलवाला कन्व्हर्टरचं इनलेट तापमान चढवतो. ते बरोबरच आहे. मग काही वेळानं नळ्या शांत होतात, सीओ उतरतं, आणि तापमान मात्र चढलेलंच राहतं. आता लगाम सुटलेला, बेड (कॅटलिस्टचा थर) गरम. रनअवे, म्हणजे आवरता न येणारी तापमानवाढ, याच वाटेनं येतो. त्यामुळे उपाय निघाले ते साधे: फीड घेण्याआधीच, भट्टी नुसत्या वाफेवर असताना, डीएमडीएस सुरू करायचं, दोन भट्ट्या लागोपाठ फिरवायच्या नाहीत, आणि पॅनलच्या एकाच पडद्यावर सीओ, इनलेट तापमान आणि बेडचा डेल्टा टी (बेडमधली तापमानवाढ) असे तिन्ही ट्रेंड एकाखाली एक लावायचे. कॅटलिस्ट तोच राहिला. फाइल कपाटात गेली.

मुलाखतीत 'कॅटलिस्ट डीअॅक्टिव्हेशनची (मंदावण्याची) कारणं सांगा' विचारलं की मुलं सिंटरिंग (धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होणं), फाउलिंग (वर थर साचणं), पॉइझनिंग (विष बसणं) घडाघडा म्हणतात. मी पुढचा प्रश्न विचारते: यातलं कुठलं परत फिरवता येतं, आणि ते ट्रेंडवर कसं ओळखाल? सीओ हे वरच्या गोष्टीत तात्पुरतं विष आहे, ते गेलं की कॅटलिस्ट पूर्वपदावर येतो. आर्सेनिकचा परिणाम मात्र मालातलं आर्सेनिक थांबलं तरी जात नाही. सिंटरिंगही परत फिरत नाही, पण ते हळूहळू आणि एकाच दिशेनं चालतं. ट्रेंडचा आकार पाहायला शिका, अर्धं निदान तिथंच होतं.

दुसरं उदाहरण इथिलीन ऑक्साइडचं. ते देण्याचं कारण, पैसा आणि सुरक्षितता एकाच आकड्यात कशी बसते ते इथं लख्ख दिसतं. फ्रान्समधल्या लेफोर्टनं १९३१ साली चांदीच्या कॅटलिस्टवर इथिलीनचं थेट ऑक्सिडेशन केलं, आणि आजही या कामाला चांदीच लागते. इथिलीनचा काही भाग ऑक्साइड होतो, उरलेला जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ऑक्साइड होताना मोलमागे साधारण १०५ किलोज्यूल उष्णता सुटते, जळताना १३००च्या वर. आता कागद घ्या. सिलेक्टिव्हिटी ८२ टक्के असेल तर रूपांतरित इथिलीनच्या दर मोलमागे सुमारे ३२५ किलोज्यूल बाहेर पडतात. ती ८० वर आली की तो आकडा ३५०च्या जवळ जातो. म्हणजे दोन टक्क्यांच्या घसरणीनं कूलिंगवर सात-आठ टक्क्यांचा जादा बोजा. माल कमी, उष्णता जास्त.

पैशाचा हिशेबही तसाच करून पाहा. वर्षाला एक लाख टन ऑक्साइड काढणाऱ्या प्लांटमध्ये सिलेक्टिव्हिटी ८२ वरून ८३ झाली तर नऊशे टनांहून जास्त इथिलीन वाचतं. त्या दिवशीच्या इथिलीनच्या भावानं गुणा, आणि मग साहेबांकडे जा. 'सिलेक्टिव्हिटी सुधारेल' म्हणणाऱ्या इंजिनिअरला चहा मिळतो, टनांत बोलणाऱ्याला बजेट.

या प्रक्रियेत एक मजेदार गोष्ट आहे. बराच काळ असं मानलं जायचं की सिलेक्टिव्हिटी ८५.७ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. मांडणी अशी: ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू ऑक्साइडला लागतो, दुसरा पृष्ठभागावर उरतो, असे सहा अणू उरले की ते एका इथिलीनला जाळून टाकतात. म्हणून सातातले सहाच वाचणार. कागदावर निर्दोष. पुढे सीझियम, ऱ्हेनिअम यांची जोड दिलेले कॅटलिस्ट आले आणि ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तेव्हा ती मांडणी मागे पडली. एखादी मर्यादा कुणी सांगितली, तर ती उष्मागतिकीची आहे की कुणाच्या समजुतीची, हे विचारून घ्यावं.

प्लांटमधल्या माणसाच्या हातात मात्र इथंही काय असतं? क्लोराइडची मात्रा. गॅसमध्ये काही पीपीएम क्लोराइड सोडतात. ते कमी पडलं तर इथिलीन जास्त जळतं, जास्त झालं तर कॅटलिस्ट मंदावतो. योग्य बिंदू कायमचा नसतो. कॅटलिस्टचं वय वाढतं तसं तापमान चढवावं लागतं आणि क्लोराइडही वाढवावं लागतं. शिवाय फीडमधल्या इथेनचं प्रमाण बदललं की तो बिंदू सरकतो, कारण इथेन पृष्ठभागावरचं क्लोराइड ओढून नेतं. म्हणजे वरच्या प्लांटच्या डिस्टिलेशन कॉलममध्ये कुणीतरी रिफ्लक्स (वर परत सोडला जाणारा द्रव) कमी केला, इथिलीनबरोबर जास्त इथेन आलं आणि इकडे तुमची सिलेक्टिव्हिटी हलली! तुमच्या बॅटरी लिमिटच्या (प्लांटच्या हद्दीच्या) पलीकडच्या लोकांचे फोन नंबर जवळ ठेवा.

बदल सुचवताना घाई नको. टेस्ट रन घ्यायची तर एका वेळी एकच व्हेरिएबल हलवा, रिअॅक्टर स्थिर होईपर्यंत थांबा, आणि आधीची पातळी पुन्हा आणून खात्री करा. मॅनेजमेंट ऑफ चेंजचा, म्हणजे बदल करण्याआधी तो तपासून मंजूर करून घेण्याचा, फॉर्म किचकट वाटतो, मलाही वाटायचा. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला १९७४ साली एक रिअॅक्टर काढून त्या जागी तात्पुरता बायपास पाइप जोडला होता. नीट तपशीलवार डिझाइन झालं नाही, पाइप फुटला, स्फोटात २८ माणसं गेली. त्या घटनेबद्दल वाचा, मग फॉर्मच्या रकान्यांत तुम्ही आपणहून जास्त लिहाल.

नोकरीच्या बाबतीत थोडं. संधी मिळाली तर पहिलं वर्ष-दोन वर्षं शिफ्टमध्ये काढा. ऑफिसात बसून डीसीएसचा (प्लांटच्या नियंत्रण संगणकाचा) डेटा ओढणाऱ्यांना पंप कसा ओरडतो ते कळत नाही. मुलींना सांगते, रात्रपाळी देत नसतील तर का देत नाहीत ते विचारा, आणि वाहतुकीची सोय लेखी मागा. पॅनल रूममधलं ते शिक्षण चुकवू नका. सिम्युलेशन सॉफ्टवेअर जरूर शिका, पण मॉडेल प्लांटच्या डेटाशी जुळल्याशिवाय त्याचे आलेख कुणाला दाखवू नका. मराठी मुलांचं इंग्रजी बोलणं अडतं ही तक्रार मला फारशी पटत नाही. लॉगबुक नीट वाचता येणं जास्त अडतं.

आणि टर्नअराउंडमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या देखभालीत, कॅटलिस्ट लोडिंगला नाव पुढे करा. ते धुळीचं, घामाचं, रात्रीचं काम असतं म्हणून लोक टाळतात. तिथं कळतं की गोळ्या उंचावरून सोडल्या तर फुटतात, भुगा होतो आणि पुढची सगळी वर्षं प्रेशर ड्रॉप तुमच्या मानगुटीवर बसतो. तिथंच कळतं की निकेलचा वापरलेला कॅटलिस्ट हवेत आला की तापून पेटू शकतो, म्हणून तो नायट्रोजनखाली काढतात. आणि नायट्रोजनला रंग-वास नसतो, त्यामुळे आत वाकून पाहण्याइतकीही चूक जीव घेऊ शकते. परमिट, हवेचा पुरवठा आणि बाहेर उभा राहणारा माणूस, यांशिवाय मॅनहोलजवळ जाऊ नका, कोणीही कितीही घाई केली तरी. पावसाळा असेल तर ड्रम एकेक करून, लागेल तेव्हाच उघडा.

लोडिंगच्या वेळी प्रत्येक बॅचचा थोडा ताजा कॅटलिस्ट हवाबंद बाटलीत भरून, बॅच नंबर आणि तारीख लिहून लॅबकडे द्या, पोच घ्या. काही वर्षांनी वापरलेला नमुना तपासायला पाठवाल तेव्हा कॅटलिस्ट कंपनी पहिला प्रश्न विचारेल: तुलनेला ताजा नमुना आहे का?